घराघरांत माप पोहोचवणारा शिंपी

शिवणकामात सर्वांत जोखमीचे काम सुईचे नसून कात्रीचे असते. चुकलेली शिवण उसवता येते, टीप पुन्हा घालता येते; पण मुंढ्यापाशी दोन बोटे जास्त कापले गेलेले कापड पूर्ववत होत नाही. म्हणूनच शिंप्याच्या दुकानात टीप मारायला हाताखालची माणसे चालतात, पण कापड बेतण्याचे काम कारागिरांतला मुख्य माणूस स्वतःकडे ठेवतो. हे बेतण्याचे ज्ञान शतकानुशतके गुरूकडून शिष्याकडे, बापाकडून मुलाकडे जात राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील एका खेडवळ शिंप्याने ते पातळ कागदावर उतरवले, त्याची घडी घातली आणि कोणाही गृहिणीला ते थोड्या सेंटांत विकत मिळेल अशी सोय केली. एबेनेझर बटरिक हे त्यांचे नाव. शिवणाच्या कागदी नमुन्यांवर त्यांचे आडनाव दीड शतकाहून अधिक काळ छापले गेले. त्यांच्या आयुष्याची माहिती मात्र फार थोड्यांना आहे.

बटरिक यांचा जन्म २९ मे १८२६ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्टर्लिंग या लहानशा गावी झाला. वडील फ्रान्सिस बटरिक सुतार होते. सुताराच्या घरात मापाचे महत्त्व वेगळे शिकवावे लागत नाही. मोजून मग कापायचे, हा धडा त्यांनी लहानपणापासूनच पाहिला असणार. घरचा धंदा मात्र त्यांनी उचलला नाही. वूस्टर शहरातील एका शिंप्याकडे उमेदवारी करून ते पुरुषांचे कपडे शिवायला शिकले आणि पुढे स्वतंत्रपणे शिंपीकाम करू लागले. एलन ऑगस्टा पोलार्ड यांच्याशी त्यांचा विवाह झाला. वयाची पस्तिशी उलटेपर्यंत त्यांचे जीवन न्यू इंग्लंडमधील इतर शेकडो शिंप्यांपेक्षा काही निराळे नव्हते.

निराळा होता तो काळ. इलायस हाऊ यांनी १८४६मध्ये शिलाई यंत्राचे पेटंट घेतले होते आणि १८५१मध्ये आयझॅक सिंगर यांचे यंत्र आले. सिंगर कंपनीने यंत्र हप्त्यांवर देण्यास सुरुवात केल्यावर ते मध्यमवर्गीय घरांत शिरू लागले. ज्या सदऱ्याला हाताने शिवायला दिवसभर लागे, तो आता तासा-दोन तासांत तयार होऊ लागला. शिवण्याचा वेग वाढला, पण बेतण्याची अडचण तशीच राहिली. यंत्र दोन तुकडे जोडून देत होते. ते तुकडे कोणत्या आकाराचे कापायचे, हे सांगत नव्हते.

पुरुषांची सोय तुलनेने बरी होती. तयार कपड्यांचा व्यापार सुरू झाला होता आणि १८६१मध्ये पेटलेल्या यादवी युद्धात लाखो सैनिकांचे गणवेश शिवताना पुरुषी शरीराच्या मापांची भरपूर माहिती जमा झाली. बायकांच्या वाट्याला तयार कपडे म्हणून झगे, अंगरखे आणि कॉर्सेट एवढेच प्रामुख्याने येत. बाकी सारे घरी शिवावे लागे किंवा शिंपिणीकडून शिवून घ्यावे लागे. ऐपतदार घरांत वसंत आणि शरद अशा दोन ऋतूंच्या तोंडावर शिंपीण मुक्कामाला येई आणि घरातील सर्वांचे कपडे शिवून जाई. ज्यांना ते परवडत नसे, त्या बायका जुना कपडा उसवून त्याचे तुकडे नव्या कापडावर ठेवून कापत.

छापील नमुने मुळीच नव्हते असे नाही. गोडीज लेडीज बुक यासारख्या स्त्रियांच्या मासिकांतून ते येत असत. काही मासिकांच्या पुरवणीत एकाच मोठ्या कागदावर अनेक कपड्यांच्या रेषा एकमेकींवरून गेलेल्या असत. त्या गुंत्यातून आपली रेषा शोधून दुसऱ्या कागदावर उतरवायची. काही आकृत्या तर तळहाताएवढ्या असत आणि त्या मोठ्या करून घ्याव्या लागत. मुख्य दोष असा, की हे नमुने बहुधा एकाच मापाचे असत. आपल्या अंगाप्रमाणे ते वाढवणे किंवा कमी करणे ज्या बाईला जमत होते, तिला नमुन्याची फारशी गरजच नव्हती. आणि जिला गरज होती, तिला ते जमत नव्हते.

हिवाळ्यातील ती संध्याकाळ

बटरिक यांच्या कंपनीच्या परंपरेत एक गोष्ट सांगितली जाते. १८६३च्या हिवाळ्यात, बाहेर बर्फ पडत असताना, एलन बटरिक आपल्या तान्ह्या मुलासाठी, हॉवर्डसाठी, झबले बेतत होत्या. जेवणाच्या टेबलावर चौकड्याचे सुती कापड पसरलेले होते आणि मेणाच्या खडूने त्या त्यावर खुणा करत होत्या. हाताशी असलेला नमुना बाळाच्या मापाचा नव्हता. तो लहान करण्यात त्यांचा सारा वेळ जात होता. त्या मुलाच्या मापाचाच नमुना मिळाला असता तर किती बरे झाले असते, असे त्यांनी पतीजवळ बोलून दाखवले. अशा कौटुंबिक कथांवर काळाचे थोडेबहुत रंगकाम होतच असते. तरी तिच्यातील अडचण खरी होती. त्या काळातील प्रत्येक शिवणाऱ्या बाईची ती अडचण होती आणि ती एका शिंप्याच्या कानावर पडली, हा योगायोग महत्त्वाचा ठरला.

बटरिक यांना जे सुचले ते वरवर पाहता साधे होते. एकच नमुना निरनिराळ्या मापांत तयार करून विकायचा. परंतु त्यामागे शिंप्याचा अनुभव होता. छातीचे माप दोन इंचांनी वाढले म्हणून गळा दोन इंचांनी मोठा होत नाही. खांदा जेमतेम वाढतो, मुंढा त्याहून थोडा अधिक, आणि बाहीची लांबी तर वेगळ्याच हिशेबाने चालते. लहान मुलांच्या बाबतीत प्रमाणे आणखी बदलतात. बाळाचे डोके मोठे, पोट पुढे आणि पाय आखूड असतात. सगळ्या रेषा सारख्याच ताणल्या तर तयार होतो तो मोठा कपडा, मोठ्या माणसाचा कपडा नव्हे. कोणती रेषा किती सरकवायची हे कारागिराच्या बोटांत असलेले गणित होते. बटरिक यांनी ते प्रत्येक मापासाठी एकदाच, नीट सोडवून ठेवले, म्हणजे पुढे प्रत्येक घरात ते पुन्हा सोडवण्याची गरज उरणार नव्हती.

दुसरा प्रश्न कागदाचा होता. आरंभी त्यांनी जाड, ताठ कागद वापरून पाहिला. तो टिकाऊ होता, पण त्याची घडी नीट पडत नसे आणि दूरगावी पाठवण्यास तो गैरसोयीचा होता. अखेर त्यांनी टिश्यू पेपर निवडला. पातळ कागदाच्या चळती एकदम कापता येत, घडी लहान होई, वजन नाममात्र असे आणि कापडावर टाचण्यांनी तो सहज बसे. या कागदावर छपाई नसे. कोणता तुकडा कोठे जोडायचा हे कडेच्या खाचांवरून आणि लहान छिद्रांवरून ओळखायचे. खाचेला खाच मिळाली की बाही मुंढ्यात बरोबर बसली असे समजावे. या मूक खुणांची भाषा पुढे अमेरिकेतील लक्षावधी स्त्रियांना पाठ झाली.

पहिले नमुने १८६३मध्ये विक्रीस आले, ते पुरुषांच्या सदऱ्यांचे आणि मुलांच्या कपड्यांचे. घरातील माणसेच कागद कापत, घड्या घालत. लवकरच स्टर्लिंगचे घर अपुरे पडू लागले आणि काम फिचबर्ग येथे हलवावे लागले. मुलांच्या कपड्यांत गॅरिबाल्डी सूट विशेष गाजला. इटलीच्या एकीकरणासाठी लढणाऱ्या गॅरिबाल्डीच्या लाल सदऱ्याचे त्या वेळी साऱ्या पाश्चात्त्य जगाला वेड लागले होते. न्यू इंग्लंडच्या खेड्यातील आया बटरिक यांचा कागद कापडावर ठेवून आपापल्या घरातील छोटे गॅरिबाल्डी तयार करू लागल्या.

ब्रॉडवेवरील दुकान

१८६४मध्ये बटरिक यांनी न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे या हमरस्त्यावर १९२ क्रमांकाच्या जागेत कार्यालय थाटले. खेड्यातील शिंप्याने उचललेले हे धाडसाचे पाऊल होते. १८६६मध्ये त्यांनी स्त्रियांच्या कपड्यांचे नमुने काढण्यास प्रारंभ केला आणि धंद्याचे स्वरूपच पालटले. पोशाख, जाकिटे आणि केप तेरा मापांत, तर घागऱ्यासारखे स्कर्ट पाच मापांत मिळू लागले. १८६७मध्ये जोन्स वॉरेन वाइल्डर आणि ॲबनर पोलार्ड हे भागीदार झाले आणि ई. बटरिक अँड कंपनी अस्तित्वात आली. बटरिक यांच्याकडे कारागिराची नजर होती, तर वाइल्डर यांच्याकडे व्यापाऱ्याची. कंपनीच्या नावातील ई हे अक्षर एबेनेझर यांचे. एलन यांच्या नावाचेही ते आद्याक्षर आहे, पण भागीदारीच्या कागदांत त्यांना स्थान नव्हते. टेबलावर अडचण मांडणारी बाई कंपनीच्या कथेत राहिली, नावात आली नाही.

विक्रीचे आकडे थक्क करणारे होते. १८७१ या एका वर्षात सुमारे ६० लाख नमुने विकले गेल्याचे सांगितले जाते. १८७६पर्यंत अमेरिका आणि कॅनडात कंपनीच्या १०० शाखा आणि सुमारे १००० एजन्सी झाल्या होत्या. लंडन, पॅरिस, बर्लिन आणि व्हिएन्ना या युरोपीय शहरांतही बटरिकचे कागद पोहोचले. फॅशनच्या बाबतीत युरोपकडे पाहणाऱ्या अमेरिकेने युरोपला काही द्यावे, असा हा दुर्मीळ प्रसंग होता.

या यशात मासिकांचा वाटा मोठा होता. १८६७मध्ये ब्रॉडवेवरील फॅशनचा आढावा घेणारे एक त्रैमासिक निघाले, पुढच्या वर्षी मेट्रोपॉलिटन आले आणि जानेवारी १८७३मध्ये डेलिनिएटर हे मासिक सुरू झाले. मूळ उद्देश नमुन्यांची जाहिरात एवढाच होता. पण वाचणाऱ्या बाईच्या हाती त्यातून पुढील ऋतूचा आराखडा येई. न्यू इंग्लंडमध्ये बर्फ वितळण्यापूर्वीच वसंताच्या शिवणाला हात घालावा लागे. लोकरीचे जाड कपडे पेटीत जायचे आणि त्यांच्या जागी मलमल, चौकड्याचे सुती, हलके तलम कापड यांचे कपडे तयार हवेत. मासिकातील चित्रे पाहून गृहिणी आपला बेत ठरवी. स्कर्ट, चोळीसारखा वरचा भाग, त्यावरील जाकीट, खांद्यावरची केप यांचे नमुने वेगवेगळे मिळत. त्यामुळे एका स्कर्टवर दिवसा एक आणि समारंभाला दुसरे असे दोन वरचे भाग बेतता येत. जाकिटाचा रंग दोन्ही पोशाखांना शोभेल असा निवडता येई. उरलेल्या तुकड्यांतून लहान मुलीचा झगा निघे. थोड्या कापडात अनेक पोशाख जुळवण्याची ही कला गरजेतून आलेली होती. शतकाच्या अखेरीस साधा स्कर्ट आणि त्यावर सदऱ्याच्या घाटाचा ब्लाउज हा नोकरी करणाऱ्या अमेरिकन स्त्रीचा जणू गणवेश झाला, तेव्हा या जुळवाजुळवीला आणखी बहर आला. दोन स्कर्ट आणि चार ब्लाउज असले की आठवडा निभावत असे.

स्पर्धक आणि टीका

या क्षेत्रात बटरिक एकटे नव्हते. किंबहुना पहिले कोण, हा वाद आजही पूर्णपणे मिटलेला नाही. न्यूयॉर्कमध्ये टोप्यांचे दुकान चालवलेल्या एलन कर्टिस डेमोरेस्ट या मादाम डेमोरेस्ट या नावाने प्रसिद्ध होत्या. १८६०मध्येच त्यांच्या मासिकासोबत टिश्यू पेपरचा नमुना मिळू लागला होता. घरातील कृष्णवर्णीय मोलकरणीला तपकिरी कागदावरून कपडा बेतताना पाहून त्यांना ही कल्पना सुचली, असे सांगतात. त्यांच्या कार्यशाळेत गोऱ्या आणि कृष्णवर्णीय स्त्रिया बरोबरीने काम करत. त्या काळात ही गोष्ट सोपी नव्हती. १८७०मध्ये जेम्स मॅकॉल या स्कॉटलंडहून आलेल्या शिंप्यानेही न्यूयॉर्कमध्ये नमुन्यांचा व्यवसाय सुरू केला. कागदाचा नमुना ही बटरिक यांची एकट्याची निर्मिती म्हणता येणार नाही. एकाच आकृतीची अनेक मापे पद्धतशीरपणे काढून ती मोठ्या प्रमाणावर विकणे, ही त्यांची खरी कामगिरी होय.

या कामगिरीला दुसरी बाजूही आहे. मापांची तेरा खाने कितीही नीट आखली, तरी बाईचे शरीर त्यांत नेमके बसत नाही. एकीचा खांदा उतरता असतो, दुसरीची कंबर उंच, तिसरीच्या पाठीला बाक. छातीचे माप जुळले म्हणजे बाकी सारे जुळेलच असे नसते. म्हणून अनुभवी बायका आधी स्वस्त अस्तर कापून अंगावर बसवून पाहत आणि मगच चांगल्या कापडाला कात्री लावत. प्रमाणित माप आणि जिवंत शरीर यांमधील हा तंटा आज तयार कपड्यांच्या दुकानात प्रत्येक ग्राहकाला भेटतो. त्याची सुरुवात याच कागदांपासून झाली.

शिलाई यंत्र आणि नमुना आल्याने बायकांचे कष्ट हलके झाले काय, याचेही सरळ उत्तर देता येत नाही. एक साधा झगा शिवायला लागणारा वेळ वाचला खरा. परंतु १८७० आणि १८८०च्या दशकांत पोशाखांवर झालरी, चुण्या, पट्ट्या यांची इतकी गर्दी झाली की वाचलेला वेळ त्यातच खर्ची पडला. जे शिंपिणीकडून करून घेता येई ते घरच्या बाईने करावे, अशी अपेक्षाही वाढली. दुसरीकडे, ब्रॉडवेवरील श्रीमंत स्त्रीच्या अंगावरील घाट दूरच्या प्रेअरीवरील शेतकऱ्याच्या पत्नीला त्याच वर्षी आपल्या अंगावर घालता येऊ लागला. कपड्यावरून माणसाची पायरी ओळखणाऱ्या समाजात हा बदल लहान नव्हता. शिंपिणीही नमुने विकत घेऊन आपले काम लवकर उरकू लागल्या. जिच्याकडे दुसरे भांडवल नव्हते अशा बाईला एक यंत्र आणि काही कागद यांवर चार पैसे मिळवता येऊ लागले.

उत्तरायुष्य आणि वारसा

१८८१मध्ये कंपनीची पुनर्रचना होऊन बटरिक पब्लिशिंग कंपनी स्थापन झाली. सूत्रे वाइल्डर यांच्याकडे गेली आणि बटरिक सचिव म्हणून काम पाहू लागले. आपल्याच नावाच्या कंपनीत दुय्यम स्थान पत्करून त्यांनी १८९४पर्यंत काम केले आणि मग निवृत्ती घेतली. ३१ मार्च १९०३ रोजी ब्रुकलिन येथे त्यांचे निधन झाले. त्याच सुमारास मॅनहॅटनमध्ये कंपनीची सोळा मजली इमारत उभी राहत होती. जेवणाच्या टेबलावर सुरू झालेल्या उद्योगाने चाळीस वर्षांत एवढी उंची गाठली होती.

त्यांच्या मागे कंपनी वाढत राहिली. १९०७ ते १९१० या काळात डेलिनिएटरचे संपादन थिओडोर ड्रायझर या ख्यातनाम कादंबरीकाराने केले. याच काळात अनाथ मुलांना संस्थांऐवजी घरे मिळावीत यासाठी मासिकाने मोहीम चालवली आणि १९०९मध्ये या प्रश्नावर व्हाइट हाउसमध्ये परिषद भरली. १९१९पासून नमुन्यासोबत सविस्तर सूचनांचा कागद मिळू लागला. डेलिनिएटर १९३७मध्ये बंद पडले, पण नमुने चालू राहिले. १९६१मध्ये व्होगचे नमुने बटरिककडे आले. १९६०-७०नंतर तयार कपडे स्वस्त होत गेले आणि घरच्या शिवणाला ओहोटी लागली. २००१मध्ये मॅकॉल आणि बटरिक हे जुने प्रतिस्पर्धी एका छत्राखाली आले. पुढे मालकी बदलत गेली.

भारतात शिलाई यंत्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पोहोचले आणि घरोघर रुळले. तयार कागदी नमुना मात्र येथे रुजला नाही. लुगडे आणि धोतर यांना बेतण्याची गरज नव्हती, आणि ज्यांना होती त्या कपड्यांसाठी गल्लीत शिंपी होताच. तरीही महाराष्ट्रातील शिवणाच्या वर्गांत मुली तपकिरी कागदावर जे कटिंग शिकतात, त्याचे मूळ तत्त्व बटरिक यांच्या नमुन्यांपेक्षा वेगळे नाही. छातीचे माप घ्यायचे आणि त्याच्या बाराव्या, आठव्या, चौथ्या भागावरून गळा, मुंढा, घेर काढायचे. फरक इतकाच, की येथे मुलगी हे गणित स्वतः मांडते आणि तेथे ते सुटून घडीत बांधलेले मिळे. पहिल्या पद्धतीत कपडा अंगाशी अधिक जुळतो, दुसरीत वेळ वाचतो.

बटरिक यांनी कोणतेही नवे यंत्र शोधले नाही की एखाद्या पोशाखाला आपले नाव दिले नाही. बेतण्याची विद्या हीच शिंप्याची खरी कमाई असते. ती दुकानाच्या उंबऱ्याआड राखून ठेवण्याऐवजी त्यांनी विकायला काढली, आणि त्यामुळे शिंप्याचा धंदा बुडाला नाही. लक्षावधी बायकांना मात्र चांगल्या कापडाला कात्री लावताना वाटणारी भीती कमी झाली. ज्या कागदाने हे साधले तो इतका पातळ होता, की वापरून झाल्यावर पुष्कळदा फाटून केरात जाई. त्यावरून बेतलेले कपडे मात्र मोठ्या मुलाकडून धाकट्याकडे जात राहिले.